चावी कुणाकडे, नोंद कुणाकडे

आजच्या विषयाचं नाव आधीच सांगितलं तर निम्म्याजणी रेडिओ बंद करून भाकरीकडे वळतील. म्हणून नाव जरा थांबून सांगते. आधी आमच्या मसाल्याच्या खोलीत काय झालं ते ऐका.

आमच्या गावातल्या चार बचत गटांनी मिळून मिरची-मसाल्याचं काम सुरू केलं, त्याला आता काही वर्षं झाली. कांडप मशीन, चाळण्या, वजनकाटा, पिशव्या बंद करायचं मशीन आणि माल ठेवायची एक खोली. मध्यंतरी पोत्यांतली मिरची कमी भरायला लागली. कुणी कुणावर संशय घ्यायचा? त्यापेक्षा कॅमेरा बसवू, असं बैठकीत ठरलं. तालुक्याहून एक मुलगा आला. तासाभरात कॅमेरा भिंतीवर आणि त्याचं ॲप माझ्या मोबाइलवर. पासवर्ड काय, असं विचारलं तर म्हणाला, "ताई, विसरणार नाही असा ठेवलाय." एक ते सहा आकडे, ओळीनं. मी खूश झाले, हे कबूल करते.

त्या खोलीत बायका नुसती पोती मोजत नाहीत. मिरचीची पूड अंगाला झोंबते, म्हणून काम संपल्यावर तिथंच साडी बदलतात. तान्हं पोर असलेली तिथंच कोपऱ्यात त्याला पाजायला बसते. कॅमेऱ्याचं तोंड दाराकडं होतं, म्हणून कुणी काही बोललं नव्हतं. एका सकाळी आक्कांनी वर बघितलं. आमच्यातल्या त्या सगळ्यांत थोरल्या, सगळं गावच त्यांना आक्का म्हणतं. म्हणाल्या, "हे इकडं कधी वळलं गं?" कॅमेरा कोपऱ्याकडं बघत होता.

कॉलेजात शिकणारी माझी पुतणी सोबत होती. तिनं ॲपमध्ये दोन-तीन ठिकाणी बोट लावून एक यादी काढली. हा कॅमेरा बघू आणि वळवू शकणारे मोबाइल किती, तर दोन. एक माझा. दुसरा कुणाचा? फोन केल्यावर तो मुलगा सहज म्हणाला, "माझाच आहे ताई, दुरुस्तीला सोपं पडतं." असेलही खरं. पण कॅमेरा त्यानं वळवला का, कधी वळवला, त्या मोबाइलवर आजवर काय काय बघितलं गेलं, याची नोंद कुठंच नव्हती. मिरचीच्या एकेका किलोची आमच्याकडे वही आहे, आणि आमच्यावर पडलेल्या नजरेची नाही.

फेब्रुवारी २०२५ मधली राजकोटची बातमी तुमच्यापैकी काहीजणींनी वाचली असेल. तिथल्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतलं चित्रण बाहेर गेलं आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकलं गेलं. पोलिसांनी जे लोक पकडले त्यांत लातूर आणि सांगलीकडचेही होते. पुढं तपासाच्या बातम्या आल्या, त्यांत कॅमेऱ्याच्या पासवर्डाचा उल्लेख होता. कंपनीतून येतो तसाच: 'ॲडमिन', आणि पुढं एक-दोन-तीन.

तर आता विषयाचं नाव सांगते. इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंना, म्हणजे कॅमेरा, कुलूप, पंप यांना, हात कुणी लावायचा हे ठरवण्यासाठी 'ब्लॉकचेन' वापरायची कल्पना, आणि तिचा इतिहास. ब्लॉकचेन म्हटलं की बिटकॉइन आठवतं, आणि बिटकॉइन म्हटलं की व्हॉट्सॲपवर पैसे दुप्पट करून देणारे लोक. त्यांचा आज संबंध नाही. आज फक्त चावी आणि वही.

वस्तू तारेला जोडायची सुरुवात अगदी निरागस होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात काही विद्यार्थ्यांनी कोकच्या बाटल्यांचं मशीन संगणकाला जोडलं. कारण एवढंच, की तिथवर चालत जायचं आणि मशीन रिकामं निघायचं किंवा बाटल्या कोमट असायच्या. १९९० मध्ये जॉन रॉमकी यांनी एका प्रदर्शनात इंटरनेटवरून चालू-बंद होणारा टोस्टर दाखवला. त्यात पाव मात्र माणसालाच ठेवावा लागायचा. पुढं १९९९ मध्ये केव्हिन ॲश्टन यांनी याला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' म्हणजे वस्तूंचं इंटरनेट हे नाव दिलं. ते प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत सौंदर्यप्रसाधनांचं काम बघत. त्यांचं दुखणं असं, की लिपस्टिकची एक छटा दुकानातल्या फळीवरून कायम संपलेली असायची आणि कंपनीला ते कळायचं नाही. म्हणजे या सगळ्या प्रकरणाच्या नावामागं एक लिपस्टिक आहे.

यात चोराचा विचार फारसा कुणी केला नव्हता. टोस्टर चोरून चालू करणार कोण?

तो विचार २०१६ मध्ये सगळ्यांना करावा लागला. त्या वर्षी 'मिराई' नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला. मिराई हा जपानी शब्द, अर्थ भविष्यकाळ. हा प्रोग्रॅम कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर, वायफायचे राउटर शोधत फिरायचा आणि प्रत्येकावर साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून बघायचा. त्या जोड्या कारखान्यातून येतात त्याच, कुणी न बदललेल्या. एखाद्यानं साठ चाव्यांचा जुडगा घेऊन गावातलं एकेक कुलूप लावून बघावं, तसं. फरक इतकाच, की हे गाव सगळं जग होतं आणि फिरणारा झोपत नव्हता. ऐन भरात सुमारे सहा लाख वस्तू मिराईच्या ताब्यात होत्या. त्या सगळ्यांनी एकदम एकाच पत्त्यावर हाका मारायच्या, म्हणजे तिथला कारभार ठप्प. २१ ऑक्टोबर २०१६ ला 'डाइन' नावाच्या अमेरिकी कंपनीवर असाच हल्ला झाला. वेबसाइटची नावं आणि त्यांचे पत्ते जुळवून द्यायचं काम ही कंपनी करायची. तिचं दार अडलं आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या जागा अमेरिकेत कितीतरी लोकांना उघडता येईनात. मिराई लिहिणारे तिघं कॉलेजच्या वयाचे तरुण निघाले. माइनक्राफ्ट हा खेळ चालवणाऱ्यांच्या धंद्यातल्या चुरशीतून हे सुरू झालं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला.

ज्यांचे कॅमेरे यात राबले, त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही लागला नाही. त्यांचा कॅमेरा नेहमीसारखा भिंतीवरून बघत होता.

बरं, पासवर्ड बदलला, तर काम भागलं? पूर्ण नाही. आपल्या मोबाइलवरून आपला कॅमेरा दिसतो तो बहुतेक वेळा कंपनीच्या संगणकावरून फिरून येतो. बघायची परवानगी कुणाला आहे हे त्याच संगणकावर लिहिलेलं असतं. ती वही कंपनीची. आपल्याजवळ तिची नक्कल नाही. कंपनीनं उद्या दुकान बंद केलं तर वस्तूही बंद. हे काही मी घाबरवायला सांगत नाही. 'रिव्हॉल्व' नावाचा एक डबा अमेरिकेत मिळायचा, घरातले दिवे-कुलपं एकत्र चालवणारा. ती कंपनी नेस्टनं विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या डब्यामागची सेवाच बंद केली. सुमारे ३०० डॉलर मोजून घेतलेला डबा लोकांच्या घरात नुसता शोभेला राहिला.

म्हणजे दोन दुखणी झाली. एक, चावी सोपी. दुसरं, चावी कुणाकुणाला दिली त्याची वही परक्याच्या घरात. ब्लॉकचेन आली ती या दुसऱ्या दुखण्यावर.

ब्लॉकचेन कळायला आपल्याला बाहेर जायची गरज नाही. आपल्या गटात बैठकीला बचत जमा होते तेव्हा ती गटाच्या वहीत लिहितो आणि प्रत्येकीच्या पासबुकातही लिहितो. सचिवानं घरी जाऊन वहीत एखादा आकडा बदलला, तर दहा पासबुकं तिच्याविरुद्ध उभी राहतात. आणि वहीचं पान भरलं की खाली बेरीज करून पुढच्या पानावर काय लिहितो? 'मागील पानावरून'. मधल्या एखाद्या पानावर खाडाखोड केली तर पुढच्या प्रत्येक पानाची बेरीज चुकते. या दोन गोष्टी, सगळ्यांकडे नक्कल आणि मागील पानावरून पुढं, एकत्र केल्या की ब्लॉकचेनचा सांगाडा तयार. बेरजेच्या जागी तिथं 'हॅश' असतो. कुठलाही मजकूर घेऊन गणितानं त्याचा एक छोटा ठसा काढतात. मजकुरात एक काना बदलला तरी ठसा पार बदलतो.

हे ठशांचं काम बिटकॉइनच्या कितीतरी आधीचं आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या बेलकोर प्रयोगशाळेत स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा हे दोघं एका साध्या प्रश्नावर अडले होते: संगणकावरचा कागद अमुक तारखेलाच लिहिला होता, हे पुढं कसं सिद्ध करायचं? शिक्का मारणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, तर शिक्का मारणाराच फुटला तर? १९९१ मध्ये त्यांनी उत्तर छापलं: प्रत्येक कागदाचा ठसा आधीच्या ठशाशी जोडत जा. पुढं त्यांच्या कंपनीनं १९९५ पासून आठवड्याच्या सगळ्या नोंदींचा मिळून एक ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. हरवले-सापडलेच्या रकान्यात! जुनी नोंद बदलायची तर जगभरच्या वाचनालयांतून तो अंक गोळा करून जाळावा लागेल. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यांत आवडते. वर्तमानपत्राच्या रद्दीला एवढं काम कुणी दिलं नव्हतं.

सातोशी नाकामोतो या टोपणनावानं कुणीतरी २००८ मध्ये बिटकॉइनचा आराखडा मांडला, त्यात ज्या आठ लेखनांचा आधार दिला आहे त्यांतली तीन हेबर-स्टॉर्नेटा यांची आहेत. जानेवारी २००९ मध्ये ती वही सुरू झाली. तिच्यात पैशांची देवघेव लिहिली जायची. पण वही म्हटल्यावर तिच्यात पैसेच लिहावेत असं थोडंच आहे? चावी कुणाला दिली, हेही लिहिता येईल.

चाव्यांचा हा विचारसुद्धा जुनाच आहे. निक साबो नावाच्या संगणक आणि कायदा दोन्ही जाणणाऱ्या गृहस्थांनी १९९० च्या दशकात 'स्मार्ट काँट्रॅक्ट' ही कल्पना मांडली. करार कागदावर न ठेवता वस्तूतच बसवायचा. त्यांचं एक उदाहरण नाणं टाकल्यावर माल देणाऱ्या मशीनचं होतं. दुसरं कर्जानं घेतलेल्या मोटारीचं, आणि ते ऐकून मी थबकले. हप्ता थकला की मोटारीच्या चावीचा ताबा आपोआप सावकाराकडे जाईल! आपल्याकडं हप्त्यासाठी दारात येऊन बसणारी माणसं आपण बघितली आहेत. आता ती माणसं वस्तूच्या आतच बसणार की काय? पण साबो यांनी पुढचाही विचार केला होता. भरधाव चालत्या गाडीचं इंजिन असं बंद पाडून चालणार नाही, हे त्यांनी लिहिलं. आणि कर्ज फिटलं की सावकाराची ती मागची वाट कायमची बंद झाली पाहिजे, हेही. आमच्या कॅमेऱ्यात नेमकं हेच राहून गेलं होतं. बसवण्याचे पैसे आम्ही कधीच चुकते केले होते. बसवणाऱ्याची वाट उघडीच होती.

ही कल्पना प्रत्यक्षात आणायला वही चालवणारी यंत्रणा लागत होती. व्हिटॅलिक ब्युटेरिन या तरुणानं सुचवलेली 'इथेरियम' ही ब्लॉकचेन जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात नोंदीबरोबर नियमही लिहिता येत होते. त्याच वर्षी जानेवारीत आयबीएम आणि सॅमसंगनं स्वतःच साबणाची मागणी नोंदवणारं धुण्याचं मशीन प्रयोग म्हणून दाखवलं होतं. धुणं वाळत घालायचं मात्र मशीनला कुणी शिकवलं नाही, असो.

खरा धाडसी प्रयत्न झाला जर्मनीत. सॅक्सनी प्रांतातलं मिटवायडा हे छोटं गाव. तिथले ख्रिस्तोफ येंच, त्यांचे भाऊ सायमन आणि सहकारी स्टीफन टुआल यांनी २०१५ मध्ये 'स्लॉक डॉट इट' ही कंपनी काढली. त्यांना बनवायचं होतं कुलूप. खोली, सायकल, काहीही भाड्यानं द्या. मालकानं अनामत आणि भाडं ब्लॉकचेनवर लिहून ठेवायचं. भाडेकरूनं पैसे तिथंच भरायचे. मग भाडेकरूच्या मोबाइलमधून कुलपाला एक सही जाते. ही सही म्हणजे नाव लिहिणं नव्हे. प्रत्येकाकडे गणितानं तयार झालेली एक गुपित चावी असते आणि तिला जुळणारा एक जाहीर क्रमांक असतो. गुपित चावीनं केलेली सही जाहीर क्रमांकावरून कुणालाही तपासता येते, पण तिची नक्कल करता येत नाही. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या दोघांनी ज्या जोडचाव्यांचा पाया घातला, त्यावर हे उभं आहे. कुलूप सही तपासतं, वहीत बघतं की या क्रमांकाला आज परवानगी आहे का, आणि उघडतं. मुदत संपली की उघडत नाही. मध्ये कंपनीचा संगणक नाही, पासवर्ड नाही, एक ते सहा आकडे नाहीत. कुणाला चावी दिली, कधी काढून घेतली, सगळं सगळ्यांच्या वहीत.

कुलपं बनवायला पैसा हवा. तो उभा करायला त्यांनी जे केलं ते कुलपापेक्षा जास्त गाजलं. 'द डाओ' नावाची एक मंडळी त्यांनी इथेरियमवर उभी केली. आपल्या भाषेत सांगायचं तर अध्यक्ष नसलेला, सचिव नसलेला, बँकेत खातं नसलेला, जगभर पसरलेला बचत गट. इथर हे तिथलं चलन टाका, मत मिळवा, कुणाला पैसे द्यायचे ते मतानं ठरवा. नियम सगळे प्रोग्रॅममध्ये लिहिलेले, आणि तो बराचसा येंच यांनी लिहिलेला. मे २०१६ च्या अखेरीपर्यंत ११ हजारांहून जास्त लोकांचे मिळून सुमारे १५ कोटी डॉलर जमले.

१७ जून २०१६ ला गळती सुरू झाली. कुणी कुलूप फोडलं नाही, कुणाची चावी चोरली नाही. प्रोग्रॅममधल्या एका ओळीची जागा चुकली होती. पैसे परत मागणाऱ्याला आधी पैसे दिले जायचे आणि मग त्याच्या खात्यातून वजा व्हायचे. एकानं हे हेरलं. पैसे हातात पडताच, वजाबाकी होण्याच्या आत, त्याचा प्रोग्रॅम पुन्हा पैसे मागायचा. वही बघायची, खात्यात शिल्लक आहे, पुन्हा द्यायची. पुन्हा मागणी, पुन्हा पैसे. असे ३६ लाख इथर गेले, त्या वेळचे सुमारे पाच कोटी डॉलर. आमच्याकडे नवी सचिव झाली की आक्का तिला पहिली गोष्ट शिकवतात: आधी वहीत लिही, सही घे, मग नोटा मोज. आक्कांची शाळा चौथीपर्यंत.

गेलेले पैसे नियमानुसार काही आठवडे बाहेर काढता येणार नव्हते, म्हणून विचाराला वेळ मिळाला. आणि तिथं मोठं भांडण झालं. एक बाजू म्हणे, चोरी ती चोरी, सगळे मिळून वही मागं नेऊ आणि पैसे परत करू. दुसरी म्हणे, खोडता येत नाही म्हणूनच तर ही वही घेतली. आज चांगल्या कारणासाठी खोडली तर उद्या कुणाच्या कारणासाठी खोडाल? २० जुलै २०१६ ला बहुतेकांनी नवी वाट धरून पैसे परत मिळवून दिले. ज्यांना पटलं नाही ते जुनीच वही चालवत राहिले. ती आजही 'इथेरियम क्लासिक' नावानं चालू आहे. मला विचाराल तर क्लासिकवाल्यांचा हट्ट मला पटत नाही, त्यांचा प्रश्न मात्र पटतो.

मिटवायडाची ती कंपनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडाच्या एका कंपनीनं विकत घेतली. घरोघरी ब्लॉकचेनची कुलपं काही आली नाहीत.

कल्पना मात्र संशोधकांनी उचलून धरली. २०१६ मध्येच मोरोक्कोतल्या मराकेशमधून आफाफ उअद्दाह आणि सहकाऱ्यांनी 'फेअर ॲक्सेस' हा आराखडा मांडला. त्यात परवानगी नाण्यासारखी हातोहात जाते. वस्तूच्या मालकानं ती द्यायची, घेणाऱ्यानं वापरायची, मालकाला परत घेता यायची. आणि मध्ये कुठल्या कंपनीला विचारायचं नाही. ऑस्ट्रेलियात अली दोर्री, सलील कान्हेरे आणि राजा जुर्दक यांनी घरातल्या वस्तूंसाठी वेगळा मार्ग सुचवला. बिटकॉइनच्या वहीत पान भरायला सरासरी दहा मिनिटं लागतात आणि वीज अफाट लागते. हातात दळणाचा डबा घेऊन दारात दहा मिनिटं कोण उभं राहील? कॅमेऱ्यातल्या चिमुकल्या संगणकाला तर एवढं गणित झेपणारच नाही. म्हणून त्यांनी म्हटलं, प्रत्येक घराची आपली छोटी वही असू द्या. तिच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर नियम: कोण, कोणत्या वस्तूला, काय करू शकतो. बघू शकतो की वळवूही शकतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्या कॅमेऱ्याची फार आठवण झाली.

पण मैत्रिणींनो, माझं मन एका बातमीवर अडकलं आहे, आणि ती या संशोधनात कुठं बसवायची ते मला समजत नाही. जून २०१८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं अमेरिकेतल्या मारहाण-छळ सोसणाऱ्या बायकांच्या हेल्पलाइनवर येणाऱ्या फोनांबद्दल लिहिलं. एक म्हणे, घरातलं एअर कंडिशनर आपोआप बंद होतं. दुसरी म्हणे, दाराच्या कुलपाचा आकडा रोज बदलतो. तिसरी, बेल वाजते आणि दारात कुणी नसतं. लोकांना वाटायचं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. वस्तू बहुतेक घरांत पुरुषानं बसवलेल्या, ॲप त्याच्या मोबाइलवर. काहीजण घर सोडून गेले होते, पण घराची बटणं त्यांच्या हातात होती.

आता यात ब्लॉकचेन आणून बघा. नोंद पुसता येणार नाही, म्हणजे त्यानं मध्यरात्री कुलपाचा आकडा बदलला हे ठळक लिहिलं जाईल. तिला कोर्टात दाखवता येईल. हा फायदा लहान नाही. पण त्या वहीच्या पहिल्या ओळीत मालक म्हणून कुणाचं नाव असेल? ज्यानं वस्तू बसवली त्याचं. गुपित चावी त्याच्याकडे. वही म्हणेल, आकडा मालकानं बदलला, सही बरोबर आहे. तिला परवानगी द्यायची की काढून घ्यायची हेही तोच ठरवणार, आणि ती वही कुणाला बदलता येत नाही, म्हणजे तिलाही नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला सातबारा किती पक्का आहे हे सांगून काय उपयोग? गुपित चावी हरवली तर काय, हा प्रश्न वेगळाच. बिटकॉइनमध्ये अशा हरवलेल्या चाव्यांचे पैसे कायमचे अडकून पडले आहेत.

आमच्या पेटीला दोन कुलपं आहेत. एक चावी अध्यक्षांकडे, दुसरी सचिवांकडे, आणि दर काही वर्षांनी चाव्या ठरावानं दुसरीकडं जातात. ब्लॉकचेनवरही अनेक सह्यांशिवाय न उघडणारी व्यवस्था करता येते, ती आजही वापरात आहे. माझं मत असं, की घरातल्या आणि गटातल्या वस्तूंना पहिल्या दिवसापासून अशीच चावी हवी, आणि त्यातली एक बाईच्या हातात. ब्लॉकचेन मिळाली तर उत्तम; नाही मिळाली तर वही आहेच.

सरकारंही हळूहळू जागी झाली आहेत. कॅलिफोर्नियात २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सगळ्या वस्तूंना एकच सोपा पासवर्ड देऊन विकायला बंदी आहे. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी सक्तीची झाली. भिंतीवर आधीच असलेल्या कॅमेऱ्यांकडे मात्र ज्यानं-त्यानं बघायचं.

आम्ही बघितलं. त्या आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर पासवर्ड बदलला, दुसरा मोबाइल यादीतून काढला. कॅमेरा दाराकडं वळवला, कोपऱ्याला पडदा लावला. आणि इतिवृत्ताच्या वहीत शेवटची चार पानं कॅमेऱ्याला दिली. रकाने आखले: तारीख, परवानगी कुणाला, कशासाठी, दिली कधी, काढली कधी, दोघींच्या सह्या. दर बैठकीत ते पान मोठ्यानं वाचायचं. पहिल्या ओळीत माझं एकटीचं नाव लिहीत होते, तर आक्का म्हणाल्या, "तुझं एकटीचं कशाला?" म्हणून आता दोन मोबाइल आहेत, माझा आणि सचिवांचा.

मागच्या महिन्यात तार उंदरानं कुरतडली. तोच मुलगा आला. त्याला आधी सांगितलं होतं, घरून नाही करायचं, इथं येऊन आमच्यासमोर कर. त्यानं काम केलं, पासवर्ड आमच्या सचिवांनी पाठ फिरवायला लावून टाकला. जाताना त्यानं वहीत वेळ लिहिली, अकरा चाळीस. आक्कांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि ते खोडून अकरा पंचेचाळीस करायला लावलं. खाडाखोडीवर दोघांनी सही केली.